चित्राखालची तीन वाक्यं

म्युझियममधलं माझं पहिलं काम एका अस्वलावरची धूळ झाडण्याचं होतं. खरं तर अस्वलाच्या चौकटीवरची. चित्राला हात लावायची मला परवानगी नव्हती. तळघरातल्या त्या जुन्या तैलचित्रात अस्वल मागच्या दोन पायांवर उभं होतं. त्याच्या पंजाखाली एक शिकारी आडवा पडला होता. शिकाऱ्याच्या डोक्याची कातडी एका बाजूनं सोलून कानावर लोंबत होती, आणि तशाही अवस्थेत तो खालून अस्वलाच्या पोटात सुरा खुपसत होता. बर्फावर दोघांचं रक्त एकत्र झालं होतं. मी मऊ ब्रशनं सोनेरी नक्षीतली धूळ काढत होते आणि माझी नजर पुन्हा पुन्हा त्या सुऱ्याकडे जात होती.

ही २००४ सालची गोष्ट. नवरा अमेरिकेत बेलव्ह्यूला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि मी त्याच्या व्हिसावर आले होते. त्या व्हिसावर पगाराची नोकरी करता येत नसे. नागपूरला चित्रकलेची पदवी घेतलेली, दोन वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेलं, आणि इथे दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघायचा. सहा महिन्यांत मी सैरभैर झाले. शेवटी बसनं पाऊण तासावर असलेल्या एका गावातल्या छोट्या म्युझियममध्ये फुकट काम करायला लागले. ते गाव एकेकाळी लाकूड कापायच्या गिरण्यांवर चालायचं. आता गिरण्या बंद होत्या, नदीकाठी गंजलेल्या पत्र्याच्या शेड होत्या, आणि गावातल्या जुन्या बँकेच्या दगडी इमारतीत हे म्युझियम होतं.

तिथल्या क्युरेटर बाई साठीच्या पुढे होत्या. एका पायानं लंगडत चालायच्या, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता भिंतीकडे बघायच्या, जणू काय बोलायचं ते तिथे टांगलेलं आहे. पुढच्या शरद ऋतूत त्यांना एक मोठं प्रदर्शन मांडायचं होतं: अमेरिकन माणसानं आपल्या रानाकडे दोनशे वर्षं कसं पाहिलं, ते चित्रांतून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तळघरातल्या, चित्रं टांगलेल्या सरकत्या जाळ्या एकेक करून ओढून मला चित्रं दाखवली. आधी शत्रू, त्या म्हणाल्या. अस्वल, लांडगे, अंधार, आणि त्यात हातात हत्यार घेतलेला माणूस. मग डोंगर आले. केवढाले तरी डोंगर, ढगांतून सोनेरी उजेड उतरतोय, खाली आरशासारखं तळं, एखादं हरीण. आता रान म्हणजे देवाचं घर झालं होतं. मग फोटो आले. तोडायला घेतलेल्या देवदाराच्या बुंध्यात खाच पाडलेली आणि त्या खाचेत सहा माणसं ओळीनं झोपलेली, कुऱ्हाडी छातीवर, सगळे हसतायत. आता रान म्हणजे माल. त्यानंतर पोस्टरं, मोटारीतून धबधबा बघायला आलेली कुटुंबं. आणि शेवटी आजचे चित्रकार, ज्यांच्या चित्रांत रान म्हणजे मरायला टेकलेला पेशंट.

मला त्यांतलं पहिलंच सगळ्यात खरं वाटलं. सोनेरी डोंगरांसमोर मी बराच वेळ उभी राहिले आणि विचारलं, यात माणसं कुठे आहेत? तिथे आधीपासून राहत होती ती? बाईंनी जाळी थोडी पुढे ओढली आणि चित्राच्या कोपऱ्यात बोटानं दाखवलं. झाडाखाली नखाएवढी दोन माणसं बसली होती, त्यांच्या शेजारी एक तंबू. पुढच्या चित्रात तीही नव्हती. बाई म्हणाल्या, या मधल्या काळात त्यांना मारून, हाकलून तो भाग रिकामा केला होता. रिकामा झाल्यावर तो फार सुंदर दिसायला लागला.

एकदा दुपारी डबा खाताना त्यांनी मला विचारलं, तुला रानाची भीती वाटते का? मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. तोवर नवऱ्यालाही ती मी पूर्ण सांगितली नव्हती.

माझे वडील चंद्रपूरकडे वनखात्यात गार्ड होते. गावात त्यांना नाकेदार म्हणत. आमचं क्वार्टर जंगलाला लागून होतं. मी अकरा वर्षांची असताना, एप्रिलमध्ये, गावातली एक बाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली. वाकून वेचणारी बाई वाघाला जनावरासारखी दिसली असावी. त्यानं तिला मानेला धरून नाल्यात ओढत नेलं. वडील आणि मजूर डबे बडवत पोहोचले तेव्हा तिचा एक पाय आणि कमरेखालचा बराचसा भाग उरला नव्हता. तिच्या टोपलीतली फुलं मात्र टोपलीतच होती.

वरचे साहेब येऊन पंचनामा होईपर्यंत प्रेताला हात लावू द्यायचा नाही, असा नियम होता. साहेब तालुक्याहून यायचे होते. ऊन चढायला लागलं. माश्या बसायला लागल्या. तिच्या माणसांनी तिला न्यायला सुरुवात केली आणि वडील आडवे आले. वडिलांनी हात जोडले होते, असं नंतर मजुरांनी सांगितलं, पण ते बाजूला झाले नाहीत. मग कुणीतरी कुऱ्हाडीचा दांडा घातला. पहिला खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. त्यानंतर सगळेच तुटून पडले. मी क्वार्टरच्या दारात होते. वडिलांना बाजेवर घालून आणलं तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. हनुवटी एका बाजूला गेली होती, आणि ते काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते तेव्हा तोंडातून रक्ताबरोबर दाताचा तुकडा बाहेर आला. आईनं तो पदरात घेतला. कशासाठी घेतला कुणास ठाऊक.

पुढच्या वर्षी ते गाव तिथून उठवलं. वाघासाठी जागा हवी होती. काही वर्षांनी मी वनखात्याच्या एका कॅलेंडरवर त्या नाल्याचं चित्र पाहिलं. पाणी, मोहाचं झाड, वाघ. फार सुंदर चित्र होतं.

बाईंनी ऐकून घेतलं. जेवण तसंच बाजूला ठेवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या की प्रदर्शनातल्या शेवटच्या चित्राखाली लावायचं लेबल तू लिही.

शेवटचं चित्र अजून यायचं होतं. ते रंगवणारी चित्रकार डोंगराच्या पायथ्याशी राहायची, पन्नाशीची, उंच, हातांना कायम टर्पेंटाइनचा वास. उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे गेलो. शेडमध्ये भिंतभर, आठ फूट रुंदीचा कॅनव्हास उभा होता. एका उतारावरची सगळी झाडं एकजात तोडून नेल्यानंतरचा तो उतार. आमच्याकडे तोडीसाठी आखलेल्या तुकड्याला कूप म्हणतात, आणि कूप तुटल्यावरची जमीन मी लहानपणी पाहिली होती. पण हे वेगळं होतं. तिनं माती लाल रंगवली होती. साधी तांबडी नव्हे, कातडी काढलेल्या मांसाची. बुंधे म्हणजे तोडलेल्या हाडांची टोकं. पाण्याचे ओघळ शिरांसारखे. सबंध चित्रात एकही जिवंत वस्तू नव्हती.

ती म्हणाली, पावसात ताडपत्री बांधून ती सतरा दिवस त्या उतारासमोर बसली होती. त्या दिवसांत तिथे कुणी आलं का, असं मी विचारलं. कुणी नाही, ती म्हणाली, माणसांचं तिथलं काम संपलं होतं.

घरी येऊन मी तीन वाक्यं लिहिली. इंग्रजीत लिहून ती छापली जाणार, भिंतीवर लागणार, याचा मला केवढा अभिमान वाटत होता. आठवडाभर मी तीच तीन वाक्यं खोडत होते. नवऱ्यानं व्याकरण तपासलं. "मस्त आहे," तो म्हणाला, "शेवटचं तर एकदम किलर." शेवटी लेबलावर हे गेलं: हा उतार एका हंगामात तोडला गेला. चित्रकार त्याच्यासमोर सतरा दिवस पावसात बसली. इथे जे मेलं, त्याचा आवाज कुणीही ऐकला नाही. खाली बारीक अक्षरांत त्या खोऱ्याचं नाव आणि तोडीचं वर्ष.

प्रदर्शन सुरू झालं. मी गॅलरीत उभी राहून येणाऱ्यांना माहिती सांगायचे. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी एक माणूस आला. पन्नाशीचा, रुंद, पँटला पट्टा आणि वर खांद्यांवरून गॅलसेस, डोक्यावर मळकी टोपी. तो देवदाराच्या खाचेत झोपलेल्या त्या सहा माणसांच्या फोटोसमोर थांबला आणि हसला. मला जवळ बोलावून त्यानं सांगितलं की ही खाच का पाडतात, झाड कुठल्या बाजूला पडणार ते तिच्यावरून कसं ठरतं, आणि बुंध्यात फळ्या ठोकून माणसं त्यांवर उभी राहून कशी कुऱ्हाड चालवायची. त्याचा आजा असाच फळीवरून पडला होता. तो स्वतःही तीस वर्षं रानात कामाला होता, गिरणी बंद पडली तोपर्यंत. तो इतकं समजावून सांगत होता की मला माझ्या वडिलांच्या मजुरांची आठवण झाली. मी त्याला अस्वलाचं चित्र दाखवलं. सुरा असा धरला तर आपलाच हात कापेल, असं तो म्हणाला. मग म्युझियम बंद व्हायची वेळ झाली. शेवटची खोली राहिली होती. पुन्हा येईन, म्हणाला.

तो गुरुवारी आला. मला ओळख दिली, टोपीला हात लावला. सरळ शेवटच्या खोलीत गेला. खोलीत आम्ही दोघंच होतो. तो आधी चित्र बघत राहिला, लांबून, मग जवळून. मग लेबलापाशी वाकला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. तो खालच्या बारीक अक्षरांपर्यंत पोहोचला आणि पुन्हा वर गेला.

"हे कुणी लिहिलं?" त्यानं विचारलं.

"मी," मी म्हटलं. मला वाटलं, त्याला आवडलंय.

"तू होतीस तिथे?"

"नाही."

"कुणी ऐकला नाही?" तो म्हणाला. मला प्रश्न कळला नाही. मी बहुधा हसले. अजून मला ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

त्यानं खिशातून घडीचा चाकू काढला, अंगठ्यानं पातं उघडलं आणि चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात खुपसून खाली ओढलं. कापडाच्या दुकानात थानातून कापड टरकावतात तसा आवाज झाला. दोन्ही बाजूंचा कॅनव्हास आत वळला, मागचं लाकूड दिसायला लागलं. दुसरा वार आडवा होता. तो काही ओरडत नव्हता, फक्त मोठ्यानं श्वास घेत होता, लाकूड फोडताना माणूस घेतो तसा. मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. मी धावले आणि डावा हात पसरून चित्रावर ठेवला, जणू हातानं ते झाकता येणार होतं. तिसरा वार कॅनव्हास चिरत माझ्या हातावरून गेला, मनगटाच्या वरून कोपराकडे.

दुखलं नाही आधी. गरम वाटलं. मग चित्रातल्या लालवर माझा लाल पडायला लागला आणि तो वेगळा दिसत होता, जास्त पातळ, जास्त झगझगीत. रक्त उसळून येत होतं, थांबून थांबून. पायाखाली घसरायला लागलं आणि मी खाली बसले.

त्यानं चाकू टाकला. मी आतापर्यंत अनेकांना सांगितलं आहे, की त्यानं चाकू टाकला आणि तो पळाला नाही. गुडघ्यावर बसून त्यानं माझा हात वर उचलला, कमरेचा पट्टा ओढून काढला, दंडाला गुंडाळला आणि इतका आवळला की मी किंचाळले ती तेव्हाच. दुसऱ्या हातानं त्यानं टोपी जखमेवर दाबून धरली. "बघ माझ्याकडे," तो म्हणत होता. "झोपू नकोस. बघ माझ्याकडे." त्याचे हात सराईत होते. हे काम त्यानं आधी केलेलं होतं.

दाराशी तिकिटांच्या टेबलावर बसणाऱ्या माणसानं फोन केला होता. पोलीस आले तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? रक्तात बसलेली बाई आणि तिचा हात धरून बसलेला माणूस. त्यांनी त्याला मागून खेचून तोंडावर पाडलं. एकानं पाठीत गुडघा रोवला, दुसऱ्यानं हात मागे पिळले. त्याचा चेहरा फरशीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. तो प्रतिकार करत नव्हता. फरशीला गाल चिकटलेला असतानाही तो सांगत होता, तिचा पट्टा सोडू नका, पट्टा सोडू नका. बोलताना त्याच्या ओठातून रक्त येत होतं.

हाताला बावीस टाके पडले. एक नस तुटली होती. करंगळी आणि शेजारचं बोट पुढे कधी नीट मिटलं नाही. डॉक्टर म्हणाले, पट्टा बांधला नसता तर गाडीतच कठीण झालं असतं.

नवरा मात्र काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. तो दिवसभर हॉलमध्ये येरझारा घालायचा. "आपण त्याला स्यू करू, कोर्टात खेचू. क्लिअर केस आहे यार," तो म्हणायचा, आणि लगेच व्हिसाच्या काळजीनं गप्प व्हायचा. बिल्डिंगमधल्या काकू वरण-भात घेऊन यायच्या, माझे केस विंचरून द्यायच्या. त्यांना खात्री होती की माझा रंग बघूनच हे झालं. न्यूयॉर्कच्या त्या इमारती पडल्यापासून आपल्याकडे कसं बघतात ते बघतेस ना, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या मुलाला शाळेत ढकलून जिन्यावरून पाडलं होतं, त्यामुळे त्यांना चूक म्हणायची माझी हिंमत नव्हती. पण तसं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यानं मला विचारलेला प्रश्न मला झोपू देत नव्हता.

दोन आठवड्यांनी क्युरेटर बाई आल्या. कोट न काढताच खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्यांनी गावात चौकशी केली होती. त्या माणसाचा धाकटा भाऊ त्या उतारावर मेला होता. आम्ही लेबलावर लिहिलं होतं त्याच खोऱ्यात, त्याच वर्षी, त्याच उतारावर. तोडलेले ओंडके लोखंडी दोरानं वर ओढताना दोर तुटला आणि त्याचं टोक चाबकासारखं फिरलं. भावाला ते कमरेत लागलं. तो जवळजवळ दोन तुकड्यांत होता आणि तरी बराच वेळ ओरडत होता. हा माणूस उताराच्या दुसऱ्या टोकाला होता. तुटक्या फांद्यांतून, चिखलातून वर पोहोचायला त्याला वेळ लागला. पोहोचेपर्यंत तो आवाज ऐकत होता.

मी उठून बेसिनपाशी गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. बाई माझ्यामागून आल्या आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. चूक माझी, त्या म्हणाल्या, मी विचारायला हवं होतं कुणाला तरी. माझ्या गावात अर्धी माणसं रानात काम केलेली आहेत.

सरकारी वकिलांचं पत्र आलं. त्यानं गुन्हा कबूल केला होता, त्यामुळे खटला चालणार नव्हता. फक्त शिक्षा ठरायची होती, आणि मला हवं असेल तर न्यायाधीशांसमोर चार शब्द बोलता येणार होते. नवरा म्हणाला, जास्तीत जास्त शिक्षा माग. मी नागपूरला वडिलांना फोन केला. तोपर्यंत त्यांना मी स्वयंपाकघरात काच लागली असं सांगितलं होतं. आता खरं सांगितलं.  मग मी विचारलं, "बाबा, तुम्हाला मारलं त्यांचं पुढे काय झालं?"

इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

"नावं सांग म्हणाले साहेब. मी सांगितली," वडील म्हणाले. "अकरा जण आत गेले." थांबून म्हणाले, "मेली तिचा नवरा त्यात होता. त्यानं मारलं नव्हतं मला. तो नुसता उभा होता, माय. हात खाली सोडून उभा होता. मी त्याचंही नाव सांगितलं."

"का?"

"राग होता." त्यांच्या तुटक्या दातांतून हवा जाण्याचा आवाज आला. "दीड वर्ष होता आत. त्याची लेकरं कुठं गेली, मला माहीत नाही. गाव उठल्यावर मी चौकशी केली. सापडली नाहीत."

मग त्यांनी हाताला तेल लाव म्हणून सांगितलं आणि फोन आईकडे दिला.

जानेवारीत आम्ही कोर्टात गेलो. तो नारिंगी कपड्यांत होता, आणि गॅलसेस नसल्यामुळे लहान झाल्यासारखा वाटत होता. मी लिहून नेलेला कागद वाचला. माझं इंग्रजी तेव्हा फार सफाईदार नव्हतं. मी म्हटलं की माझी दोन बोटं मिटत नाहीत, मी चित्रकार आहे, आणि मला पातेलंही धरता येत नाही; हे यानं केलं आहे आणि ते मी विसरणार नाही. मी म्हटलं की मला अजून कापड फाटल्याचा आवाज आला की घाम फुटतो. मग म्हटलं की याच माणसानं माझं रक्त थांबवलं. आणि त्या चित्राखाली मी तीन वाक्यं लिहिली होती, त्यातली दोन खरी होती. तिसरं मी कुणाला न विचारता लिहिलं.

नवरा माझ्याकडे बघत राहिला. हे मी त्याला घरी वाचून दाखवलं नव्हतं.

न्यायाधीशांनी त्या माणसाला बोलायचं आहे का विचारलं. तो उभा राहिला. न्यायाधीशांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "ऐकला होता. मी ऐकला." आणि खाली बसला.

त्याला नऊ महिने कैद झाली. माझ्या बोलण्यानं कमी झाले की तेवढेच होणार होते, मला माहीत नाही. बाहेरच्या बाकावर बसून नवऱ्यानं माझ्या दुखऱ्या हाताचं जॅकेट घालून दिलं, चेन लावून दिली. तो रागावला होता आणि तरी चेन हळूच लावत होता. गाडीत तो म्हणाला, "तू बरोबर केलंस की नाही, मला कळत नाही." मी म्हटलं, मलाही नाही.

म्युझियममध्ये मात्र भांडण पेटलं. क्युरेटर बाईंना चित्र शिवून परत लावायचं होतं, आणि लेबलावर त्या भावाबद्दल लिहायचं होतं. चित्रकारानं साफ नकार दिला. ती म्युझियममध्ये येऊन ओरडली, माझ्यासमोर. हे चित्र डोंगराचं आहे, माणसांनी सगळीकडे आपलंच रडगाणं घुसवलंय, निदान एका चित्रातून तरी त्यांना बाहेर राहू दे. आणि ज्यानं ते फाडलं त्याच्या घरच्यांची आठवण मी माझ्या चित्राखाली लावू? बाईंनीही आवाज चढवला. दोघींची वीस वर्षांची मैत्री होती. त्यातल्या एकीनं, कोणत्या ते मी लिहीत नाही, हातातला कॉफीचा मग भिंतीवर फेकला. मी जमिनीवरचे तुकडे उजव्या हातानं गोळा केले. मला चित्रकाराचंही म्हणणं पूर्ण खोटं वाटेना. तिनं सतरा दिवस जे पाहिलं होतं ते तिनं रंगवलं होतं.

चित्र परत गेलं. प्रदर्शन संपेपर्यंत ती भिंत रिकामी राहिली. मी आणि बाईंनी मिळून एक नवीन मजकूर लिहिला, त्यात तोडीची, अपघाताची आणि हल्ल्याची हकिगत दिली, आणि भावाच्या बायकोची परवानगी घेतली. ती आली होती. तिनं मजकूर वाचला, एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त करायला सांगितलं, आणि अस्वलाच्या चित्रासमोरून जाताना आपल्या मुलीचे डोळे हातानं झाकले.

नवऱ्याला २००७ मध्ये टेक्सासला फ्रिस्कोत नोकरी मिळाली. सामान बांधण्याच्या आदल्या शनिवारी मी त्याला म्हटलं, मला तो उतार बघायचाय. तो वाद न घालता ड्राइव्ह करत घेऊन गेला. शेवटचे काही मैल खडीचा रस्ता होता. उतारावर आता नव्या रोपांच्या ओळी होत्या, कमरेइतक्या उंच, सगळ्या सारख्या. मधूनमधून जुने बुंधे, पावसानं राखाडी झालेले. माती साधी तपकिरी होती. मी लाल मातीची वाट बघत होते आणि ती कुठेच नव्हती.

मी बोनेटवर वही ठेवली आणि उजव्या हातानं काढायला लागले. वाऱ्यानं कागद उडत होता आणि वही धरायला डावा हात नीट वळत नव्हता, म्हणून नवरा येऊन कागद दाबून धरून उभा राहिला. थोड्या वेळानं वारा थांबला तसा तो सिग्नल शोधत फोन वर धरून उतारावर गेला. रोपांमध्ये कमरेपर्यंत बुडाला. मी त्यालाही काढलं. मग पाऊस आला, रेघा ओघळल्या, आणि आम्ही गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायलो.